कागदी पोलक्याच्या फ्रेमला दर पावसाळ्यात लाटा येतायत? आधी बघा माया, म्हणजे पसरायला जास्तीची जागा, ठेवली होती का

जूनचा दुसरा-तिसरा आठवडा आला की मला फोटो यायला लागायचे. "ताई, बघा ना, घेर कसा फुगलाय." "ताई, बाही काचेला चिकटलीये, काय करू?" मी ८ बाय १० इंचाच्या खोल फ्रेममध्ये कागदाचे छोटे कपडे करते, परकर-पोलकं, खणाची चोळी, नऊवारी, कधी कोणी मागितला तर लग्नातला गाउन, आणि बहुतेक जणी ते कुणाच्या तरी खऱ्या कपड्यावरून करून घेतात, आईची लग्नातली साडी किंवा लेकीचं बारशाचं झबलं, त्यामुळे फ्रेम बिघडली की समोरच्या बाईला खरंच वाईट वाटतं आणि मलाही. सलग तीन पावसाळे हे झालं. मागचे दोन पावसाळे मात्र एकही फ्रेम परत आलेली नाही, म्हणून जे जे सापडलं ते सगळं सविस्तर लिहितेय, कारण हा प्रॉब्लेम मला एकटीलाच येतोय असं अजिबात नाही.

आधी एक गोष्ट नीट बघून घ्या, लाट कधी आली आणि कुठे आली. चिकटवल्यावर दुसऱ्याच दिवशी आली असेल तर ती गोंदातल्या पाण्याची. हिवाळ्यात केलेली फ्रेम चार महिने मस्त राहिली आणि पाऊस सुरू झाल्यावर फुगली तर कागदाची दिशा चुकली किंवा त्याला पसरायला जागा नाही. फ्रेमच्या एकाच बाजूला किंवा खालच्या कोपऱ्यातच लाट असेल तर भिंतीला हात लावून बघा, तिथे ओल असणार. आणि काचेवर आतून धुकं दिसत असेल तर फ्रेम बंद करताना आतलं सामान ओलसर होतं. मी हे वेगवेगळे प्रकार आहेत हे ओळखलंच नव्हतं, सगळ्याचं खापर गोंदावर फोडत होते, आणि एका वर्षात तीनदा गोंद बदलला.

मला उलगडा झाला तो एका खणाच्या पोलक्यामुळे. इरकली काठ रंगवलेलं जांभळं पोलकं आणि खाली हिरवा परकर, एका बाईंनी त्यांच्या आजीच्या फोटोवरून करून घेतलेलं. ऑगस्टमध्ये परत आलं. जेवणाच्या टेबलावर जुनी चादर टाकून मी मागच्या पिना काढल्या, एमडीएफचा, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीचा, तुकडा उचलला तर तो हाताला गार लागला, म्हणजे कोरड्या लाकडासारखा नाही, दमट. परकराचा तळ मी पूर्ण चिकटवला होता आणि वरचा नेफाही पूर्ण चिकटवला होता, मधला कागद दोन्हीकडून जखडलेला, त्यामुळे तो पुढे फुगून बाहेर आलेला, बोटाने दाबला की दबायचा आणि शेजारी दुसरीकडे वर यायचा. पोलक्यावर डाव्या मुंढ्यापासून, म्हणजे बाही जोडतात तिथून, खाली तिरकी एक सुरकुती. आणि उजव्या बाहीची कड काचेला टेकलेली, तिथला जांभळा रंग काचेवर उतरलेला, नखाएवढा.

आमच्या सासूबाईंनी बरीच वर्षं शिवणाचा क्लास घेतलाय. त्या बाजूला भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांनी पोलकं हातात घेतलं, उजेडात धरलं आणि विचारलं, "अगं, हे उभं कापलंयस का आडवं?" मी म्हटलं, "आई, कागद आहे तो." तर म्हणाल्या, "मग? कागदाला पण असतंच की. तो पेपर फाडून बघ." आणि खरंच, तुम्हीही आत्ता वर्तमानपत्राचं पान घेऊन फाडून बघा, वरून खाली फाडलंत तर सरळ रेषेत फाटतं, आडवं फाडायला गेलात तर वेडंवाकडं जातं. मग त्यांनी फ्रेममध्ये बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "आणि माया कुठे सोडलीस? कुठेच नाही." माझ्या तीन वर्षांच्या तक्रारीचं उत्तर त्या दोन वाक्यांत होतं, बाकी सगळं मी नंतर करून बघून शिकले.

तर दिशेचं बघू. मशीनवर कागद बनतो तेव्हा लगदा जाळीवरून एका दिशेने पळत असतो, म्हणून त्यातले बहुतेक तंतू त्याच दिशेने पडतात. हा कागदाचा उभा धागा समजा. तंतूने पाणी प्यायलं की तो जाडीला फुगतो, लांबीला जवळजवळ वाढत नाही. म्हणून पूर्ण कागदही उभ्या धाग्याच्या दिशेने जवळपास तेवढाच राहतो आणि आडव्या दिशेने पसरतो. मी साध्या झेरॉक्सच्या कागदाच्या २० सेंटीमीटरच्या दोन पट्ट्या कापल्या, एक उभी एक आडवी, ताटलीत पाण्यात बुडवल्या आणि पाच मिनिटांनी काचेवर सरळ ठेवून मोजल्या. आडव्या पट्टीची लांबी चार मिलिमीटरच्या आसपास वाढलेली, उभी जेमतेम अर्धा मिलिमीटर. भिंतीवरच्या फ्रेममध्ये कागद बुडत नाही हे मान्य, दमट हवेत वाढ याच्यापेक्षा बरीच कमी असते, पण दोन्हीकडून घट्ट चिकटलेल्या कागदाला लाट यायला एक मिलिमीटर भरपूर झाला.

धागा ओळखायच्या तीन पद्धती आहेत. फाडून बघायची तर सांगितलीच. दुसरी, कागद न मोडता नुसता अलगद वाकवून तळव्याने दाबून बघायचा, ज्या बाजूने मऊ वाकतो, विरोध करत नाही, त्या वळणाच्या रेषेला समांतर धागा. जाड कार्डस्टॉकला ही पद्धत उत्तम, २०० जीएसएमच्या (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) वर तर फरक लगेच हाताला कळतो. तिसरी पातळ कागदासाठी, एक छोटा चौकोन कापून एका बाजूने ओलं बोट फिरवायचं, तो लगेच गुंडाळी होतो, ती नळी ज्या दिशेने लांब आहे तोच उभा धागा. चौकोन कापायच्या आधी त्यावर आणि मूळ कागदावर पेन्सिलीने सारखा बाण करून ठेवा, नाहीतर नंतर कुठली बाजू कुठली ते कळत नाही. मी आता नवीन कागद आणला की मागे पेन्सिलीने लहानसा बाण करूनच कपाटात ठेवते, शिवणाच्या पॅटर्नवर धाग्याची खूण असते ना, अगदी तसाच.

आता हे कपड्यावर कसं बसवायचं. निऱ्या, चुण्या, प्लीट, जे काही घडीचं आहे त्यात घडीची रेषा आणि उभा धागा एकाच दिशेला हवेत. दोन फायदे होतात, एक तर घडी चाकूसारखी धारदार पडते, जाड कागद घडीवर फुटत नाही, पांढरी रेघ दिसत नाही, आणि दुसरा जो जास्त महत्त्वाचा, कागद पसरला की तो निऱ्यांच्या रुंदीत पसरतो आणि निऱ्या पेटीच्या भात्यासारख्या किंचित उघडतात आणि कोरड्या हवेत परत मिटतात, बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही. आडव्या धाग्यावर घातलेल्या निऱ्या फुगीर राहतात आणि पावसाळ्यात त्यांची उंची वाढते, मग वर नेफा खाली तळ असं दोन्हीकडे अडलं की पोट पुढे येतं. पोलक्याचा पुढचा भाग, पाठ आणि बाह्या सगळे तुकडे एकाच दिशेने कापा, आणि मागच्या माउंटबोर्डाचीही, म्हणजे ज्या जाड पुठ्ठ्यावर कपडा बसवतो त्याचीही, दिशा तीच ठेवा. माझी ती मुंढ्यापासूनची तिरकी सुरकुती कशामुळे होती माहितीये, कागद वाचवायला मी तो तुकडा चक्क उरेब, म्हणजे तिरका, कापला होता, शेजारचा उभा होता, दोघांना एकमेकांवर पूर्ण चिकटवलं, एक पसरला एका दिशेने दुसरा दुसऱ्या, मग ताण तिरकाच निघणार. कापडाला उरेब कापलं की सुंदर झोळ पडतो, कागदाला पडत नाही, तिथे कागद आणि कापड यांचं जमत नाही.

हातकागदाचं वेगळं आहे. हाताने साच्यात काढलेल्या कागदात तंतू सगळीकडे पसरलेले असतात, त्याला ठळक अशी एक दिशा नसते, त्यामुळे तो चहूबाजूंनी साधारण सारखा हलतो आणि तिरके ताण कमी येतात. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४० पासूनची, आणि आपल्याकडचा सुती हातकागद बऱ्याचदा कापडाच्या कतरणीपासूनच बनतो, म्हणजे शिलाईकामातून उरलेल्या तुकड्यांचा कागद आणि त्याचं परत पोलकं, मला हे फार आवडतं. पण तो पाणी भरपूर पितो हेही लक्षात ठेवा. म्हणजे हातकागद घेतला म्हणून माया सोडायची गरज नाही असं होत नाही, उलट थोडी जास्त सोडा.

आता माया. शिवणीत माया कशाला ठेवतात, पुढे कपडा उसवून सैल करता यावा म्हणून. कागदाला ती रोजच लागते. माझा नियम आता असा आहे की प्रत्येक तुकडा एकाच कडेने धरायचा, बाकीच्या मोकळ्या. परकर नेफ्याला चिकटवला की तळ मोकळा, अजिबात गोंद नाही. तळ फार हलतोय असं वाटलं तर मध्यावर मागच्या बाजूला मुगाच्या दाण्याएवढा एकच ठिपका. बाही मुंढ्याला चिकटवली की दंडाची कड मोकळी. काठ वेगळा कापून लावणार असाल तर सलग लावू नका, दर इंचाला एक ठिपका. आणि माउंटबोर्ड फ्रेमच्या आतल्या मापापेक्षा चारी बाजूंनी दीड-दोन मिलिमीटर लहान हवा. फ्रेमवाले बोर्ड अगदी टाइट कापून देतात, दिसायला छान वाटतं, पण बोर्ड पसरायला गेला की त्याला पुढे किंवा मागे वाकण्यावाचून पर्यायच राहत नाही. आता मी दुकानात उभं राहून सांगते, काका, दोन मिलिमीटर लूज कापा, ते पहिल्यांदा नको म्हणाले, आता विचारावं लागत नाही.

काचेपासूनही अंतर हवं. मी फोमबोर्डच्या ५ मिलिमीटरच्या पट्ट्या फ्रेमच्या खाचेत, काच आणि माउंट यांच्यामध्ये चारी कडांना लावते, पोलक्याला उठाव जास्त असेल तर दोन पट्ट्या एकावर एक. सगळ्यात उंच भाग, म्हणजे बाहीचा फुगा किंवा पदर, आणि काच यांच्यात निदान ४-५ मिलिमीटर रिकामे राहिले पाहिजेत. काच गार पडली की आतली वाफ तिच्यावरच जमते, टेकलेला कागद ती वाफ पिऊन चिकटतो आणि मग सोडवताना रंगासकट निघतो. काचेऐवजी अॅक्रिलिक वापरत असाल तर त्याच्यावर स्थिर वीज येते, पातळ टिश्यूच्या झालरी पुढे ओढल्या जातात, त्यासाठी अंतर अजून थोडं वाढवा.

गोंदाबद्दल. फेविकॉलसारखा पांढरा गोंद वाईट अजिबात नाही, मी तोच वापरते, पण तो पाण्यातला गोंद आहे आणि आपण तो बोटाने भरभरून पसरवतो तिथे चुकतं. टूथपिकने ठिपके द्या, कडेला बारीक रेघ द्या. मोठा तुकडा पूर्ण चिकटवावाच लागणार असेल, समजा पार्श्वभूमीचा कागद बोर्डावर, तर बोर्डाच्या मागच्या बाजूलाही तसाच कागद, त्याच दिशेने, त्याच गोंदाने लावा. पुस्तक बांधणारे हेच करतात, दोन्हीकडून सारखी ओढ बसली की बोर्ड सरळ राहतो. आपल्या भाषेत त्याला अस्तर म्हणा. नंतर दोन्हीकडे बटर पेपर ठेवून वर जड पुस्तकं, एक अख्खी रात्र. डबल टेप मी सोडलीच, उकाड्यात तिचा चिकटा पाघळतो आणि काही वर्षांनी तपकिरी डाग कागदातून वर येतो. मैद्याची खळ जुनी आणि चांगली आहे, लागेल तेव्हा ओलं करून सोडवताही येते, पण खळीला कसर लागते, आणि कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद टाकायची जी जुनी पद्धत आहे ती कृपया इथे करू नका, मोरचूद विषारी आहे आणि त्यातलं तांबं कागद हळूहळू खराब करतं.

आता जे मला सगळ्यात उशिरा कळलं ते. मी प्रत्येक फ्रेममध्ये ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी टाकायचे आणि निश्चिंत व्हायचे. पण हिशोब करून बघा, ८ बाय १० इंचाच्या एक इंच खोल फ्रेममध्ये हवा असते साधारण सव्वा ते दीड लिटर, आणि ३० अंशाला पूर्ण दमट हवेतसुद्धा एका घनमीटरला पाणी असतं ३० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे आपल्या फ्रेममधल्या हवेत पाणी एका ग्रॅमच्या शंभराव्या हिश्शात मोजावं लागेल एवढंसं. मग ते धुकं येतं कुठून, तर मागच्या एमडीएफमधून आणि बोर्डातून. त्या मापाचा ३ मिलिमीटरचा एमडीएफ सव्वाशे ग्रॅमच्या जवळपास भरतो आणि पावसाळी हवेत त्याने काही ग्रॅम पाणी सहज शोषलेलं असतं. फ्रेमवर ऊन आलं की ते पाणी सुटतं, काच गार असेल तर तिच्यावर बसतं. पुडी त्यातलं थोडं पिते, भरते, संपलं. म्हणून पुडीपेक्षा महत्त्वाचं हे की बंद करायच्या आधी सगळं सामान, फ्रेम, एमडीएफ, बोर्ड, कपडा, सुटं सुटं करून एका कोरड्या खोलीत ठेवायचं. माझ्याकडे एसी आहे त्या खोलीत मी रात्रभर ठेवते आणि सकाळी तिथेच बसून बंद करते. एसी नसेल तर जुलैमध्ये फ्रेम बंदच करू नका, उघडीप पडून दोन-तीन दिवस कडक ऊन मिळेपर्यंत थांबा, गिऱ्हाइकाला सांगा, लोक समजून घेतात. शिवणात उरेब घेर शिवून एक रात्र टांगून ठेवतात आणि मग तळ दुमडतात, तो बसेल तेवढा बसून घेतो, तसंच आहे हे. आणि एमडीएफच्या आतल्या बाजूला अॅल्युमिनियमची फॉइल लावा, मी घरातली नेहमीची फॉइल लावते, त्याने मागून येणारी ओल बरीच अडते.

रंगवण्याचं एक. बेल्जियमच्या इझाबेल द बोर्शग्राव्ह, १९४६ साली जन्मलेल्या आणि २०२४ मध्ये गेलेल्या, त्यांनी कागद रंगवून, चुरगाळून माणसाच्या मापाचे जुन्या काळचे पोशाख केले, लेस, रेशीम, जर सगळं रंगातून, फोटो बघितले तर कापड नाही यावर विश्वास बसत नाही. माझ्यासाठी त्यातून घेण्यासारखी गोष्ट ही की कपड्याचा पोत आधी कागदावर आणायचा, मग कपडा करायचा. आपण उलटं करतो, पोलकं पूर्ण चिकटवून झाल्यावर वरून काठ रंगवायला घेतो, पाण्याचा रंग, परत कागद भिजला, परत लाट. काठ आधी सपाट कागदावर रंगवा, दाबून वाळवा, मग कापा.

पार्श्वभूमीला शिवणाच्या पॅटर्नचा जुना टिश्यू लावायची सध्या खूप मागणी आहे. अमेरिकेत एबेनेझर बटरिक या शिंप्याने १८६३ साली वेगवेगळ्या मापांचे कागदी पॅटर्न विकायला सुरुवात केली, त्या परंपरेतले टिश्यू मिळतात कुठे कुठे, आपल्याकडे क्लासमधलं खाकी कागदावरचं पेपर कटिंग असतं. टिश्यू इतका पातळ असतो की तो सपाट चिकटवायचा हट्टच सोडा, फक्त वरच्या कडेला धरा आणि खाली मोकळा लोंबू द्या. ट्रेसिंग पेपरचंही तेच, तो तर सगळ्यात आधी आखडतो. वर्तमानपत्राचा कागद मात्र वापरू नका, पिवळा पडून ठिसूळ होतो.

आधीच बिघडलेली फ्रेम असेल तर ती कोरड्या दिवशी उघडा, सगळं सुटं करून एक दिवस नुसतं ठेवा, हात लावू नका. निम्म्या लाटा आपोआप बसतात. मग तळाचा गोंद पातळ सुरीने, सुरी बोर्डाला समांतर ठेवून, हळूहळू सोडवा आणि पुन्हा चिकटवू नका. ताठ लाट राहिलीच तर मागच्या बाजूने, मध्ये बटर पेपर ठेवून, कोरडी इस्त्री रेशमाच्या खुणेवर, तीन-चार सेकंद, वाफ बंद. मोती, टिकल्या, जरीची प्लास्टिक पट्टी असेल तिथे इस्त्री नेऊच नका. बुरशीचे ठिपके असतील तर ओल्या फडक्याने पुसू नका, पसरतात, गॅलरीत नेऊन नाकाला मास्क लावून कोरड्या मऊ ब्रशने झाडा, डाग राहिला तर राहू द्या. काचेला चिकटलेली बाही ओढून काढू नका, काच सपाट ठेवून कोरड्या खोलीत दोन दिवस ठेवा, पुष्कळदा कड स्वतःच सुटते.

फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना मी जाड फेल्टच्या टिकल्या लावते म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळते, आणि मागे एक चिठ्ठी चिकटवते, पावसाचा मारा लागणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर लावू नये, आमच्याकडे ती पश्चिमेची, आणि बाथरूमच्या भिंतीवरही लावू नये. ते जांभळं पोलकं मी नव्याने केलं, उभ्या धाग्यावर, तळ मोकळा, काचेपासून ८ मिलिमीटर आत. त्या बाईंनी गेल्या जुलैत न विचारता फोटो पाठवला, मी झूम करून मुंढा बघितला, सरळ होता.